बरोबर कोण आलंय? : महाराष्ट्र वैद्यक परिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई.

स. न. वि. वि.

माझे वडील एस.टी.त ड्रायव्हर होते. ३१ वर्षं त्यांनी घाटातून गाडी चालवली. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी त्यांना भाकरीचा घास उतरेनासा झाला. आधी भाकरी आमटीत कुस्करून, मग मऊ भात, मग नुसती पेज. गावच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून तपासायला शहरात पाठवलं. तिथे तुकडा काढून तपासायला गेला आणि माघात रिपोर्ट आला. नंबर लागल्यावर अण्णा डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसले. डॉक्टरांनी कागद वाचला, मान वर केली आणि अण्णांच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "बरोबर कोण आलंय?"

मी आणि माझा भाऊ पुढे झालो. अण्णांना बाहेरच्या बाकावर बसवलं, एक्स-रेची पिशवी त्यांच्या मांडीवर दिली. आत पाच मिनिटांत आम्हाला सगळं कळलं. अन्ननलिकेचा कॅन्सर, चौथी स्टेज, लिव्हरपर्यंत गेलेला. भाऊ म्हणाला, "डॉक्टर, त्यांना सांगू नका, खचतील ते." डॉक्टर म्हणाले, "नाही, आम्ही पेशंटला सांगतच नाही." मीही मान हलवली. बाहेर आलो तर अण्णा उठून उभे होते. "काय म्हणला डॉक्टर?" मी म्हणाले, "अल्सर आहे अण्णा. शेक घ्यावा लागेल."

त्यानंतर ते सात महिने जगले. त्या सात महिन्यांतली एकच गोष्ट सांगते. अण्णांचं धाकट्या भावाशी, आमच्या तात्यांशी, बांधावरून ११ वर्षं बोलणं नव्हतं. चैत्रात एकदा अंगणात बसल्या बसल्या अण्णा म्हणाले, "औंदा दिवाळीत जाऊन मिटवून टाकतो त्याच्याशी. अंगात जरा ताकद येऊ दे." अण्णांना दिवाळी दिसणार नाही, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आई चुलीपुढून उठून आत गेली. भाऊ मोबाइल बघत राहिला. मी म्हणाले, "हो अण्णा, दिवाळीत जाऊ." अण्णा भाद्रपदात गेले. तात्या मातीला आले.

मी आजपर्यंत स्वतःशी भांडते ते त्या एका वाक्यावरून. त्यांना खरं कळलं असतं, तर ते दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन तात्यांच्या दारात गेले असते, अशी माझी खात्री आहे. ज्या माणसाला इंजिनाच्या आवाजात फरक पडला की मेकॅनिकच्या आधी कळायचं, त्याला स्वतःच्या शरीराचा आवाज कळणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. तिसऱ्या केमोनंतर त्यांनी काही विचारणंच सोडलं. त्यांना कळलं होतं, ते आम्हाला दुखावायचं नाही म्हणून गप्प होते आणि आम्ही त्यांना दुखावायचं नाही म्हणून. शेवटचे आठ दिवस आयसीयूत गेले. नाकातली नळी ओढून काढायचे, म्हणून दोन्ही हात पट्टीने कॉटला बांधले होते. नळी नको, हे ते हातांनी सांगत होते. फॉर्मवर सही मात्र आमची होती.

मी त्या डॉक्टरांचं किंवा रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. सध्याचे नियम वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या डॉक्टरांनी नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

डॉक्टरांच्या वर्तनाबद्दलचे २००२ चे नियम तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता. त्या वेळच्या भारतीय वैद्यक परिषदेने ते केले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढले आणि त्याच महिन्यात स्थगित केले. त्यामुळे आजही २००२ चेच चालतात. रुग्णाच्या प्रकृतीबद्दलचा त्यातला नियम सांगतो की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. हे वाक्य फार चांगलं आहे. पण पुढचं वाक्य असं की रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना, रुग्णाच्या व कुटुंबाच्या हिताचं ठरेल इतकं ज्ञान आहे, याची डॉक्टरने खात्री करावी.

त्या 'किंवा'वर माझं बोट आहे. आम्हाला सांगितलं, नियम पाळला गेला. अण्णा बाकावर बसलेले असतानाच पाळला गेला.

संमतीच्या नियमातही तेच आहे. शस्त्रक्रियेआधी लेखी संमती घ्यावी ती पती किंवा पत्नीची, अल्पवयीन मुलाच्या बाबतीत आईवडिलांची किंवा पालकाची, किंवा स्वतः रुग्णाची. ज्याच्या पोटावर सुरी चालणार, तो या यादीत शेवटी येतो. आणि शस्त्रक्रियेने वंध्यत्व येणार असेल तर नवरा-बायको दोघांची संमती लागते, असंही तिथे लिहिलं आहे. दुसरीकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची कुटुंब नियोजन शस्त्रक्रियेची मानकं सांगतात की जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. गर्भपाताचा १९७१ चा कायदा सांगतो की सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. तरी बँकेतल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीला "मिस्टरांना घेऊन या, त्यांची सही लागेल" असं सांगून दोनदा परत पाठवलं गेलं. ती ३४ वर्षांची आहे आणि रोज लाखोंच्या रकमांवर सही करते.

तुमच्यापैकी अनेकांना २००८ चा समीरा कोहली खटला पाठ असेल. मी तो वडील गेल्यानंतर वाचला. दिल्लीतली ४४ वर्षांची अविवाहित स्त्री १९९५ च्या मे महिन्यात दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली. तिला भूल दिलेली असताना डॉक्टर बाहेर आल्या, बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, बीजकोश, नलिका सगळं काढून टाकलं. हेतू चांगला होता. दुसऱ्यांदा भूल, दुसऱ्यांदा खर्च, दुसऱ्यांदा वेदना वाचणार होत्या. सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं ध्यानात घेऊनही सांगितलं की जिवाला तातडीचा धोका नव्हता, रुग्ण सज्ञान होती आणि काही वेळाने शुद्धीवर येणार होती, म्हणून आईची संमती ही तिची संमती होत नाही.

जन्मदात्या आईची संमती चालत नाही, मग आम्हा दोन मुलांची कशी चालली?

पण त्याच निकालात एक जागा आहे, तिथे मी अडते. रुग्णाला किती सांगायचं, हे ठरवताना न्यायालयाने अमेरिकेत रूढ झालेली कसोटी नाकारली. रुग्णाला काय जाणून घ्यावंसं वाटेल, यापेक्षा डॉक्टर मंडळी साधारण काय सांगतात, याकडे झुकणारी जुनी इंग्लिश कसोटी घेतली. कारण दिलं ते असं की आपल्याकडचे बहुसंख्य रुग्ण गरीब, निरक्षर किंवा अर्धशिक्षित आहेत आणि त्यांना वैद्यकीय संज्ञा कळत नाहीत. अण्णा सातवी शिकलेले होते. त्यांना संज्ञा कुठे हव्या होत्या? "अन्न जायची नळी कॅन्सरनं बंद होत आलीय. तो लिव्हरपर्यंत गेलाय. औषधानं थोडे महिने आटोक्यात राहील, पण जाणार नाही." यातला कुठला शब्द सातवी शिकलेल्या माणसाला कळणार नाही?

आणि जिथून ती कसोटी घेतली, त्यांनीच ती पुढे सोडली. २०१५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे माँटगोमेरी खटला आला. मधुमेह असलेली, लहान चणीची बाई, पोटातलं मूल मोठं. अशा बाळंतपणात मुलाचा खांदा अडकण्याचा धोका शंभरात ९ ते १० होता. डॉक्टरांनी तो सांगितला नाही. सांगितला तर बायका सिझेरियनच मागतील, आणि ते त्यांच्या हिताचं नाही, असं डॉक्टरांचं मत होतं. खांदा अडकलाच आणि मूल जन्माचं अपंग झालं. न्यायालयाने ठरवलं की त्या रुग्णाच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल, ते सांगायलाच हवं. "सांगितलं तर ती वेगळं निवडेल" हे न सांगण्याचं कारण होऊ शकत नाही. सांगायचं असतं ते त्यासाठीच.

यावर नेहमी उत्तर मिळतं की ते त्यांचं झालं, आपली संस्कृती कुटुंबाची आहे. मला हे उत्तर मनापासून तपासावंसं वाटलं, कारण मीही त्याच कुटुंबातली आहे. १९६१ मध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा १०० पैकी जवळपास ९० जणांनी कॅन्सरच्या रुग्णाला निदान न सांगणं पसंत केलं होतं. १९७९ मध्ये तसंच सर्वेक्षण पुन्हा झालं, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूने होते. म्हणजे लपवणं ही आपली खास रीत नव्हे. तिथेही ती होती, आणि १८ वर्षांत बदलली. आपल्या चरकसंहितेतही विमानस्थान नावाच्या भागात वैद्याला सांगितलं आहे की रुग्णाचं आयुष्य सरत आल्याचं कळलं तरी, जिथे ते सांगितल्याने रुग्णाला किंवा दुसऱ्या कुणाला आघात होईल, तिथे सांगू नये. या वचनाचा आधार घेऊन न सांगणारे पुष्कळ आहेत. पण त्यात 'जिथे' हा शब्द आहे. वैद्याने त्या रुग्णाकडे बघून ठरवावं, असा त्याचा अर्थ मला लागतो. "आम्ही पेशंटला सांगतच नाही" असं सरसकट चरकानेही म्हटलेलं नाही.

आता जरा बीडकडे या. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं, एवढ्यासाठी दवाखान्यात गेलेल्या कितीतरी जणींनी सांगितलं की "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्या फडात कोयता घेऊन वाकतात, मुकादमाची उचल डोक्यावर असते, एक खाडा पडला तरी दंड. त्यांनी हो म्हटलं नसतं तरच नवल.

खरा कॅन्सर झालेल्या माझ्या वडिलांपासून जो शब्द लपवला, तोच शब्द कॅन्सर नसलेल्या बायकांना सहज ऐकवला. एकीकडे माया होती, दुसरीकडे बऱ्याच ठिकाणी पैसा. दोन्ही एकाच मापाने मोजावं असं मी म्हणत नाही. पण मायेने लपवणाऱ्या डॉक्टरांमुळेच ही सवय टिकते, की आजाराबद्दल खरं काय ते रुग्णाला कळायची गरज नसते. आणि ती सवय टिकली की तिचा फायदा घेणाऱ्यांना वेगळं काही करावं लागत नाही. बीडच्या त्या बायकांच्या कागदांवरही सही-अंगठा असणारच.

डॉक्टरांची बाजू मला दिसते. सकाळच्या ओपीडीत ८० रुग्ण असतील तर एकेकाला काय आणि किती सांगणार? नातेवाइकांना न जुमानता रुग्णाला सांगितलं आणि उद्या काही झालं, तर केबिनच्या काचा फुटायच्या. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे, तरी हल्ले थांबलेले नाहीत. १९९५ पासून डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले, आणि ग्राहक आयोगात जातो तो बहुतेक वेळा मागे राहिलेला नातेवाईक. बिल भरतो तोही तोच. मग डॉक्टरचं तोंड नातेवाइकाकडे वळतं, यात त्याचा एकट्याचा दोष नाही. म्हणूनच त्याच्या पाठीशी परिषदेचा लेखी शब्द हवा. मुलगा "सांगू नका" म्हणाला, तर डॉक्टरला सांगता आलं पाहिजे, "तुमची काळजी मला कळते, पण परिषदेची सूचना आहे, मला आधी त्यांना विचारावं लागेल."

विचारावं लागेल, एवढंच मी म्हणते. सगळ्यांना सगळं सांगा असं म्हणत नाही. हे मला माझ्या मावशीने शिकवलं.

अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी मावशीच्या छातीत गाठ निघाली. या वेळी डॉक्टर तरुण मुलगी होती. तिने आम्हाला नमस्कार केला आणि थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. दार अर्धं उघडं होतं, म्हणून मला ऐकू आलं. "मावशी, तुमच्या आजाराचं सगळं तुम्हाला सांगू, की थोडं सांगू, की तुमच्या माणसांपैकी कुणाला सांगू?" मावशी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला नको बाई सांगूस. माझ्या सुनेला सांग, ती शिकलेली हाय. पर छाती काढणार असशील तर ते आधी मला सांग. आन् खर्च किती ते बी." डॉक्टरने ते केसपेपरवर लिहून घेतलं. पुढच्या खेपेला पुन्हा विचारलं, तेव्हाही मावशी नकोच म्हणाली. ऑपरेशन झाल्यावर महिन्याभराने तिने आपण होऊन विचारलं, "कॅन्सर हाय का गं?" आणि उत्तर ऐकून म्हणाली, "वाटलंच हुतं." सुनेला सगळं ठाऊक होतं, कारण ते सुनेला सांगायचं हे मावशीने ठरवलं होतं. अण्णांच्या बाबतीत ते आम्ही ठरवलं.

त्या मुलीला हे विचारायला दोन मिनिटं लागली असतील. तिने ते कुठे शिकलं, असं मी नंतर विचारलं, तर म्हणाली, "एका सरांकडून." २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वैद्यकीय नीती आणि रुग्णाशी संवाद हा विषय आला आहे, हे चांगलंच झालं. पण आज ज्यांच्या हाताखाली ती मुलं शिकतात आणि ज्यांच्या दारात आमच्यासारखे लोक जातात, त्या हजारो डॉक्टरांच्या वेळी तो नव्हता. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तुम्ही पाच वर्षांत प्रशिक्षणाचे ३० क्रेडिट पॉइंट मागता. त्यातले काही अवघड बातमी सांगण्याच्या प्रशिक्षणासाठी सक्तीचे करता येतील. ते प्रशिक्षण मराठीत व्हावं, कारण अण्णांना सांगायचं होतं ते मराठीत.

संमतिपत्राचंही तसंच. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ पासून आपल्या राज्यातल्या नर्सिंग होमना बंधनकारक आहे. आम्ही गेलो तिथे ती काउंटरमागे होती, इंग्रजीत. आणि ऑपरेशनचा फॉर्म हातात पडतो तो स्ट्रेचर दारात उभं असताना. जिथे फुली मारलीय तिथे सही करायची. तातडीची वेळ असेल तर कुणाची तक्रार नसेल, तेव्हा जीव वाचवायचा. पण ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेचा फॉर्म आदल्या दिवशी, मराठीत, रुग्णाच्या हातात का देता येऊ नये?

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. शेवटच्या दिवसांत व्हेंटिलेटर हवा की नको, हे माणूस आधी लिहून ठेवू शकतो. ज्याला आपल्याला अल्सर झालाय असं वाटतं, त्याने ते काय म्हणून लिहावं?

मानसिकदृष्ट्या फार खचलेल्या एखाद्या रुग्णाला ठरावीक वेळी सांगणं धोक्याचं असू शकतं, हे मी मानते. तसं असेल तर डॉक्टरने कारण कागदावर लिहावं, आणि ते कारण त्या रुग्णाबद्दलचं असावं. "नातेवाइकांची इच्छा" एवढंच कारण पुरेसं धरू नये.

'किंवा' बदलण्याचा अधिकार दिल्लीचा आहे, हे मला कळतं. तशी शिफारस तुम्ही करा. पण राज्यातल्या डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना काढायला तुम्हाला दिल्लीची वाट बघावी लागत नाही. पहिल्या भेटीत रुग्णाला एकट्याने विचारायचं आणि तो सांगेल ते लिहून घ्यायचं, एवढी ती सूचना असली तरी चालेल. केसपेपरवर नाव, वय, पत्ता असतो, त्याखाली एक ओळ वाढवा: 'आजाराची माहिती कोणाला द्यावी, असे रुग्णाने सांगितले आहे?' आणि त्या ओळीपुढे रुग्णाची सही किंवा अंगठा घ्या.

आपली,
एका एस.टी. ड्रायव्हरची मुलगी
सातारा